विमान भंगारवाल्याचं : घरी विमान बांधणाऱ्या मुंबईकरांना खुलं पत्र

मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसई, जिथे कुठे कोणी गच्चीवर, गाळ्यात किंवा गावच्या पडवीत विमान बांधत बसलं असेल, त्या सगळ्यांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात पार्ल्याला आपण पंधरा-वीस जण जमलो होतो. चहा झाला, पंखांच्या फासळ्यांचे फोटो फिरले, शिवकर तळपद्यांचं विमान 1895 साली चौपाटीवर उडालं की नाही यावर नेहमीची चकमक झाली. (मला विचाराल तर पुरावा नाही. नसलेल्या पुराव्यावर अर्धा तास घालवण्यापेक्षा तेवढ्यात चाळीस रिवेट मारून होतात.) मग तुमच्यातल्या एकाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "काका, इंजिन गेलं तेव्हा तीनशे फुटांवर होतात ना तुम्ही? मग वळून धावपट्टीवर का नाही आलात? सहा वर्षांचं विमान शेतात घातलंत!"

पोराच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, हळहळ होती. म्हणूनच मला ते लागलं. बाकीच्या चार-पाच माना हलल्या, तेही मी पाहिलं. मला बोरिवलीची गाडी गाठायची होती, "पुढच्या वेळी बोलू" म्हणून उठलो. गाडीत उभ्याउभ्या वाटत राहिलं की पुढच्या वेळेपर्यंत यांच्यातलं एखादं विमान उडायला तयार झालेलं असेल. म्हणून हे पत्र.

आधी काय झालं ते सांगतो, कारण तुमच्यातल्या अर्ध्यांना ते तिसऱ्याच्या तोंडून कळलंय आणि त्यात आता झाडावर अडकलेलं विमानही आलंय. झाडबीड काही नव्हतं.

विमान दोन आसनी, ॲल्युमिनियमचं, पुढे शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स 912 इंजिन. गोरेगाव पूर्वेच्या गाळ्यात मी आणि माझा मेहुणा, दोघांनी रविवार आणि सुट्ट्या घालून ते उभं केलं. पंख सुटे करून टेम्पोत टाकले आणि रात्री कसाऱ्याच्या घाटातून वर नेले, तेव्हा नाक्यावर हवालदाराने ताडपत्री उचलून विचारलं होतं, "देखावा कुठल्या मंडळाचा?" धावपट्टी नाशिक जिल्ह्यातली, खासगी. नाव सांगत नाही, मालक भला माणूस आहे, त्याला उगाच फोन नकोत. पावसाळ्याआधी आम्ही अकरा तास उडालो होतो. मग चार महिने विमान शेडमध्ये उभं होतं. दसरा झाल्यावर बाहेर काढलं, धुतलं, तेल बदललं, इंजिन तापवलं. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे पूर्ण जोरावर, ते जमिनीवर दोन मिनिटं चालवायला हवं होतं. धूळ फार उडत होती म्हणून अर्ध्या मिनिटात आटोपतं घेतलं. हा अर्धा मिनिट लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचंय.

सकाळी सव्वासाताला निघालो. समोरून वारा होता, ताशी पंधराएक किलोमीटर. चाकं सुटली, धावपट्टी मागे गेली, तीनशे फुटांवर इंजिन खोकलं. मी थ्रॉटलकडे पाहिलं, तो पूर्ण पुढेच होता. पुन्हा खोकलं, दात वाजल्यासारखं सगळं विमान थडथडलं, आणि जोर गेला. नाकावरचा पंखा फिरत होता, पण नुसता वाऱ्याने. इंजिन गेल्यावर म्हणे भयाण शांतता होते. आमच्याकडे तसं काही झालं नाही. मेहुण्याच्या पट्ट्याचं एक टोक दाराबाहेर राहिलं होतं, ते पत्र्यावर तडतड तडतड वाजत होतं. निघाल्यापासून वाजत असणार, इंजिनाच्या आवाजात कळलं नव्हतं.

मेहुणा ओरडला, "भंगार!"

या शब्दाचा खुलासा करतो. आमच्या गाळ्यामागे एक भंगारवाला आहे. सहा वर्षं दर महिन्याला तो दारात उभा राहून विचारायचा, "साहब, ये कब दे रहे हो?" आणि ॲल्युमिनियमचा त्या दिवसाचा भाव सांगून जायचा. आम्हाला शिकवायला जे निवृत्त कॅप्टन यायचे त्यांनी एकदा ते ऐकलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचा नेमच करून टाकला. दर उड्डाणाआधी धावपट्टीच्या टोकाला ते थांबवायचे आणि विचारायचे, "इंजिन गेलं तर विमान कोणाचं?" आम्ही दोघांनी मोठ्याने म्हणायचं, "भंगारवाल्याचं." मग पुढचा प्रश्न, "किती फुटांपर्यंत?" "सातशे." "तोवर कुठे जायचं?" आणि समोरचं एक शेत बोटाने दाखवायचं. हे झाल्याशिवाय थ्रॉटल पुढे नाही. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. अकरा तासांत बत्तीस उड्डाणं झाली, बत्तीस वेळा म्हटलं. त्या सकाळी तेहतिसावी वेळ होती.

तर मेहुणा ओरडला तोवर माझा हात दांडा पुढे ढकलून मोकळा झाला होता. जमीन जवळ असताना नाक जमिनीकडे करायचं, हे अंगाला पटत नाही. पोटातून कोणीतरी दांडा मागे ओढा म्हणत असतं. पण चढत्या विमानाचं नाक वर असतं आणि आपली विमानं हलकी. मोठ्या विमानासारखा साठलेला वेग त्यांच्यात नसतो, दोन-तीन सेकंदांत तो संपतो. वेग संपला की पंख हवा सोडतात, म्हणजे विमान पेलेनासे होतात, आणि तीनशे फुटांवर पंखांनी हवा सोडली तर ती पुन्हा धरायला उंची उरत नाही. त्यामुळे पहिलं काम नाक खाली. रेडिओ नाही, स्विच नाही, विचारसुद्धा नाही.

मग आमच्याकडे उरली असतील पंचवीस सेकंदं. डावीकडे द्राक्षबाग होती. वरून मऊ हिरवी गादी दिसते, पण आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात, मानेच्या उंचीवर. समोर शेततळं. जरा उजवीकडे, वीसेक अंशांवर, सोयाबीन काढून झालेलं शेत. बोटाने दाखवलं होतं तेच. मी तिकडे हलकं वळवलं, एकदा टाकीचा कॉक आणि पंपाचं बटण पाहिलं, काही झालं नाही, नाद सोडला. वेग कमी करायला पंखांमागचे फ्लॅप पूर्ण खाली. मेहुण्याने पेट्रोल बंद केलं, विजेचा मास्टर स्विच बंद केला, दोन्ही दारांच्या कड्या उघडल्या, म्हणजे सांगाडा वाकला तरी दारं अडकायला नकोत. शेतात सऱ्या आमच्या दिशेलाच होत्या, हे नशीब. सऱ्यांना आडवं उतरलो असतो तर पहिल्या दहा फुटांत पुढचं चाक मोडलं असतं. आम्ही शक्य तितक्या हळू टेकलो, चाळीस-पन्नास पावलं घसरलो आणि शेवटी बांध आला. पुढचं चाक बांधात घुसलं, पंखा मोडला, शेपूट वर जाऊन धपकन खाली आलं.

मेहुण्याच्या नाकातून रक्त. माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ, पुढे तीन आठवडे निळा होता. बाकी काही नाही.

शेतकरी विळा घेऊन धावत आला. आम्ही धड आहोत हे पाहिल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "फवारणीचं हाय का?" नाही म्हटल्यावर त्याने बांध पाहिला, मग आम्हाला पाहिलं, आणि म्हणाला, "बांध तेवढा भरून द्या." त्याच्या घरातल्या माऊलीने पाणी आणि मग चहा दिला. बांध आम्ही त्याच आठवड्यात भरून दिला.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. वळता आलं असतं का?

कागदावर जवळजवळ आलं असतं. हेच त्यातलं वाईट. अगदीच अशक्य असतं तर कोणी वळलंच नसतं.

इंजिन बंद पडलं की आमचं विमान ताशी 110 किलोमीटरने तरंगत येतं आणि तेव्हा मिनिटाला सहाशेएक फूट खाली येतं. 45 अंश तिरकं करून वळवलं तर खाली यायचा वेग मिनिटाला हजार फुटांवर जातो. आता तुम्ही म्हणाल, 180 अंशच तर वळायचंय, दहा सेकंदांचं काम. पण तेवढं वळल्यावर तुम्ही धावपट्टीवर नसता, तिच्या बाजूला दोनशे मीटरवर असता. तिच्याकडे यायला आणखी 45 अंश आणि तिच्या रेषेत यायला परत उलटं 45. म्हणजे एकूण 270 अंश, पंधरा सेकंद, अडीचशे फूट. आणि हे सगळं इंजिन गेलं त्याच क्षणी वळायला सुरुवात केली तर. माणूस तसा करत नाही. माणूस आधी थ्रॉटलकडे बघतो, मग "अरे!" म्हणतो. मी पाहिलंच की. तीन-चार सेकंदं तिथे जातात, आणि तुमच्या तीनशे फुटांतलं काहीच शिल्लक राहत नाही.

पण खरा घात उंचीच्या हिशोबात नाही, वेगाच्या हिशोबात आहे. सरळ उडताना आमच्या पंखांनी हवा सोडायचा वेग ताशी 74 किलोमीटर. 45 अंश तिरकं केलं की तो होतो 88. 60 अंशांना 105. म्हणजे 110 ने येणाऱ्या माणसाने घाबरून वळण आणखी घट्ट केलं की त्याच्या हातात पाच किलोमीटर उरले. धावपट्टी खिडकीतून दिसत असते, नीट रेषेत येत नसते, जमीन मोठी होत असते. अशा वेळी पाय आपोआप वळणाच्या आतल्या बाजूच्या रडरवर (शेपटीच्या सुकाणूच्या पायट्यावर) दाबला जातो आणि हात दांडा मागे ओढतो. आतला पंख आधी हवा सोडतो आणि विमान भोवऱ्यासारखं फिरून नाकावर येतं. दोनशे फुटांवरून यातून बाहेर पडता येत नाही, मग तुम्ही कितीही हुशार असा.

आणि समजा वळलात, सगळं जमलं. तरी तुम्ही आता वारा पाठीशी घेऊन उतरताय. आम्ही शेतात टेकलो तेव्हा हवेतला वेग 65, समोरचा वारा 15, म्हणजे जमिनीवर 50. वळून आलो असतो तर 65 अधिक 15, म्हणजे 80. पन्नास आणि ऐंशी, फरक तीसचा वाटतो, पण आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीला तो अडीचपट असतो. छोट्या विमानांची आसनं आणि पट्टे साधारण नऊ जीचा, म्हणजे वजनाच्या नऊपट जोराचा, झटका पुढून सोसायच्या हिशोबाने बनवतात. पन्नासचा वेग नऊ जीत मारायला एक मीटरहून थोडी जास्त जागा पुरते, म्हणजे एक बांध आणि चेपलेलं नाक. ऐंशीला पावणेतीन मीटर लागतात. आमच्या विमानात माझ्या गुडघ्यांपुढे एवढं विमानच नाही.

पट्ट्यांचंही इथेच सांगतो. खांद्याचे पट्टे जिथे बांधले होते ती जागा मेहुण्याने आराखड्यापेक्षा जाड पट्टी लावून मजबूत केली होती. मी तेव्हा वजन वाढलं म्हणून त्याच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो. आता दर भाऊबीजेला ते ऐकावं लागतं.

हे गणित त्या मुलाला येत नव्हतं असं नाही. तुम्हा सगळ्यांना येतं, काहींना माझ्यापेक्षा चांगलं. भाड्याच्या शिकाऊ विमानात इंजिन गेलं असतं तर तो मुलगासुद्धा समोरचं शेत धरून निमूट उतरला असता. तो वळायचं म्हणतो कारण विमान त्याचं आहे. त्या विमानाचा प्रत्येक क्लेको (रिवेट मारेपर्यंत पत्रे धरून ठेवणारा चाप) त्याने हाताने लावलाय, बायकोला सांगितलेल्या किमतीत आणि खऱ्या किमतीत फरक ठेवलाय, पत्र्यावरच्या कुठल्या ओरखड्याला कोण जबाबदार हे त्याला पाठ आहे. मलाही पाठ होतं. आमच्या अकरा हजार रिवेटांमधले वाकडे कुठले ते मी आजही सांगेन. मग तीनशे फुटांवर शेत आणि धावपट्टी यांत निवडायची वेळ आली की मनाच्या तराजूत एका बाजूला जीव असतो आणि दुसऱ्या बाजूला सहा वर्षं. तराजू लगेच खाली जात नाही, थोडा वेळ हलत राहतो. त्या हलण्यात जी दोन सेकंदं जातात तीच आपल्याकडे नसतात.

कॅप्टनसाहेबांना हे माहीत होतं. म्हणून ते तराजू हवेत न्यायचीच सोय ठेवत नसत. विमान आधीच विकायला लावायचे, जमिनीवर, चाकं टेकलेली असताना. विकलेल्या मालासाठी जीव कोण टाकणार?

सातशे फूट कुठून आले तेही सांगतो, कारण तो आकडा आमचा आहे, तुमचा नाही. तीन हजार फुटांवर जाऊन, चढतीच्या कोनात ठेवून इंजिन मंद केलं, मोठ्याने चार आकडे मोजले, मग वळलो आणि किती उंची गेली ते लिहून काढलं. पाच वेळा केलं. सगळ्यात वाईट आकडा 460 आला. त्यात निम्मे आणखी मिळवले आणि तो 690 चा 700 करून टाकला. खालून सातशेपर्यंत वळायचं नाही, त्यावरही वारा आणि धावपट्टी किती मागे पडली ते पाहून. तुमच्या विमानाचा आकडा तुम्हीच काढा, शिक्षकाला शेजारी बसवून. माझा उचलू नका.

आता इंजिन का गेलं. रोटॅक्सचा काही दोष नव्हता, बिचारं उपाशी मेलं.

टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी मी नागदेवीच्या बाजारातून आणली होती. दुकानदाराचाही दोष नाही, मी त्याला "पेट्रोलला चालेल अशी द्या" एवढंच म्हटलं आणि त्याने तशी दिली. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्या इंजिनाचा निर्माता 10 टक्क्यांपर्यंत मान्यता देतो. ऑक्टेन जुळतंय एवढं पाहून मी खूश होतो. इथेनॉल काही जातींच्या रबराला फुगवतं, टाकीच्या सीलंटला मऊ करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं. चार महिने टाकी भरलेली, नळी भरलेली, बाहेर धो धो पाऊस. अपघातानंतर आम्ही ती नळी उभी चिरली. आतलं अस्तर सुटून त्याचा करंगळीच्या नखाएवढा पापुद्रा कोपऱ्याच्या जोडापाशी लोंबत होता. मेहुण्याने त्यावर फुंकर मारली. हळू फुंकली की पापुद्रा बाजूला राहायचा, जोरात फुंकली की झडपेसारखा भोकावर जाऊन बसायचा.

म्हणजे जमिनीवर चाकांवर चालवताना ठीक, इंजिन मंद चालवताना ठीक. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने जोरात ओढलं की झडप बंद. कार्ब्युरेटरच्या वाट्यांत थोडं पेट्रोल असतं, त्यावर आणखी काही सेकंदं निघतात. दोन मिनिटं चालवलं असतं तर ते जमिनीवरच खोकलं असतं, आणि आज मी तुम्हाला पत्र न लिहिता तुमच्याबरोबर तळपद्यांवर भांडत बसलो असतो. धूळ उडते म्हणून मी दीड मिनिट वाचवलं.

इंधनाच्या धारेची चाचणी आम्ही केली होती. चार वर्षांपूर्वी. नवीन नळी, नवीन टाकी. ती एकदा करून वहीत बरोबरची खूण करायची चाचणी नाही, हे मला आता कळतंय. पंपाने इंधन येणाऱ्या विमानात टेकऑफला लागतं त्याच्या सव्वापट इंधन कार्ब्युरेटरपाशी पोचलं पाहिजे. आमचं इंजिन पूर्ण जोरावर तासाला 27 लिटर पितं, सव्वापट म्हणजे पावणेचौतीस, म्हणजे मिनिटाला साधारण 560 मिली. शेपूट खाली करून विमानाचं नाक चढतीच्या कोनात ठेवायचं, टाकीत कमीत कमी पेट्रोल, कार्ब्युरेटरची नळी सोडून मापात धरायची, विजेवरचा पंप लावायचा, घड्याळ लावायचं. आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. जुनी नळी परत जोडून आम्ही मोजलं तेव्हा पहिली पंधरा-वीस सेकंदं धार अगदी नीट होती, मग एकदम सुतळीएवढी झाली. जवळ आग विझवायचं नळकांडं हवं, विडीवाला मित्र नको.

टाकीच्या हवेच्या भोकातही पाहा. पावसाळ्यात कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल बाहेर यायचं थांबतं. आमच्या वेगदर्शकाच्या नळीत असं घर सापडलं होतं, टाकीच्या भोकावर मात्र जाळी होती म्हणून ते वाचलं.

एक गोष्ट जरा नाजूक आहे. जुहूबद्दल आपल्या सगळ्यांना जिव्हाळा आहे. 1928 सालचा विमानतळ, 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानातून तिथेच उतरले. कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी सहा आसनी विमान उभं केलं, 2016 साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 साली त्याची नोंदणी झाली, आणि त्यानंतर आपल्यातले निम्मे लोक या नादाला लागले. त्यामुळे आपलं विमान मुंबईच्या आकाशात दिसावं असं वाटणारच. मलाही वाटतं. पण धावपट्टीच्या टोकाला उभं राहून बोटाने दाखवायला मुंबईत शेत कुठे आहे? 28 जून 2018 ला घाटकोपरला दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी निघालेलं दोन इंजिनांचं विमान पडलं, आतले चौघे आणि रस्त्यावरून जाणारा एक माणूस गेला. त्या पाचव्या माणसाने कुठल्याही कागदावर सही केली नव्हती. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला साधारणपणे पहिले 25 किंवा 40 तास लोकवस्तीपासून दूर, नेमून दिलेल्या पट्ट्यातच उडावं लागतं. आपल्याकडचे नियम आणि परवाने ही वेगळी कथा, तिला हे पत्र पुरणार नाही. पण तेवढ्यापुरतं कोणी सांगायची वाट कशाला पाहायची? घाटाच्या वर न्या. टेम्पो मी बघून देतो, तो ड्रायव्हर आता पंख बांधायला शिकलाय.

मला तुमच्याकडून हवंय ते एवढंच. ज्यांच्या विमानात पंपावरचं पेट्रोल आहे त्यांनी या महिन्यात एक नळी कापून बघावी. कापायला जीव होत नसेल तर निदान धार मोजावी. आणि पुढच्या बैठकीत फासळ्यांचे फोटो दाखवण्याआधी कोणाचं काय बिघडलं ते सांगायला सुरुवात करू. मी माझा पापुद्रा काचेच्या बाटलीत ठेवलाय, तो घेऊन येतो. त्या मुलाने त्याची टाकी आणावी, त्याच्याशी माझं भांडण नाही. उलट त्याने विचारलं नसतं तर तुमच्यातल्या बाकीच्यांच्या मनात ते तसंच राहिलं असतं.

दर रविवारी दहा ते एक आमचा गाळा उघडा असतो. माप, घड्याळ आणि नाक वर धरायचा घोडा आहे. नवीन विमानाची शेपटी तयार झाली आहे. मोडलेला पंखा भिंतीवर टांगलाय, बाकीचं भंगारवाल्याने नेलं. भावात त्याने घासाघीस केली नाही, सहा वर्षांची उधारी समजा म्हणाला.

तुमच्यातलाच एक,
गोरेगाव पूर्व

ता. क. धार मोजायला येताना आपापला डबा आणा, पण रिकामा. पेट्रोल घेऊन लोकलमध्ये चढू नका, मेहुण्याला एकदा अंधेरीला उतरवलंय.